‘केफेब’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘नुरा कुस्ती’ का म्हणू नये?

मंगळवार पहाट

एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकन व्यावसायिक कुस्तीवर, म्हणजे आपल्याकडे अजूनही सर्रास ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारावर, एक दीर्घ लेख लिहीत आहे. (वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी आद्याक्षरांवरून न्यायालयीन वाद झाल्यावर २००२ मध्ये ‘एफ’चे ‘ई’ झाले, पण मराठीत दोन माणसे एकमेकांच्या अंगावर धावली की आजही ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च सुरू होते.) लेखात ‘केफेब’ हा शब्द वारंवार येतो. निकाल, भांडणे आणि मैत्र्या आधी ठरलेल्या असूनही त्या ठरलेल्या नाहीत असे आखाड्यात आणि आखाड्याबाहेरही भासवत राहण्याचा या धंद्याचा जो शिरस्ता आहे, त्याला हे नाव आहे. संपादकांनी जिथे जिथे ‘केफेब’ होता तिथे तिथे ‘नुरा कुस्तीचा बनाव’ असे घालून लेख परत पाठवला.

माझा आक्षेप असा आहे की नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान संगनमत करून बघणाऱ्याला फसवतात, आणि बघणाऱ्याला ते कळले तर तो चिडतो. इथे तिकीट काढून आलेल्या माणसाला सगळे ठाऊक असते. तो चिडतो ते लढत ठरलेली होती म्हणून नव्हे, तर वाईट ठरवली होती म्हणून. ज्या व्यवहारात फसणारा कोणी नाही त्याला फसवणुकीचे नाव देणे मला पटत नाही. ‘केफेब’साठी, आणि जमल्यास त्यातल्या ‘हील’ (दुर्जन) व ‘फेस’ (सज्जन) या भूमिकांसाठीही, आपण कोणता शब्द वापराल?

तांबडी माती

आधी एक स्पष्ट करतो, की आमच्या भागात, कोल्हापूरच्या पश्चिमेला, मी ‘नुरा’ हा शब्द कोणत्याही वस्तादाच्या तोंडून ऐकलेला नाही. जत्रेच्या मैदानात जोड लागली आणि दोघे नुसतीच खडाखडी करत राहिले, कोणी पटात शिरेना, तर लोक ‘ठरवून आलेत’ असे म्हणतात, पंच दोन वेळा समज देतात आणि शेवटी कुस्ती सोडवतात. ‘नुरा कुस्ती’ मी वाचली ती वर्तमानपत्रांत, आणि तीही बहुतेक वेळा सत्ताधारी व विरोधक यांच्याविषयीच्या अग्रलेखांत. मातीशी या शब्दाचा संबंध मराठीत तरी फारसा उरलेला नाही.

दुसरे असे, की आपण ज्याविषयी लिहीत आहात त्याला मुळात कुस्ती म्हणणेच मला मान्य नाही. ज्या खेळात खुर्ची डोक्यात घालता येते आणि पंचाला तेवढ्यापुरते दिसत नाही, त्याला दुसरे कोणतेही नाव द्या.

निरुक्त

शब्द पंजाबी-उर्दूकडून हिंदीमार्गे आपल्याकडे आला, याबद्दल फारसा वाद नसावा. पुढे दोन तर्क ऐकू येतात. एक असा की नुरा नावाचा कोणी पैलवान ठरवून हरण्याबद्दल प्रसिद्ध होता. दुसरा असा की ‘नूर’ म्हणजे तेज, वरवरची झळाळी, आणि जिच्यात केवळ झळाळी आहे ती नुरा कुस्ती. पहिल्या तर्काला त्या पैलवानाच्या नावापलीकडे कोणी काही जोडत नाही, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. त्या हिशेबाने पाहिले तर रोषणाई, आतषबाजी आणि प्रत्येकाच्या प्रवेशाला वाजणारे संगीत असलेल्या या अमेरिकन प्रकाराला ‘नुरा’ हे नाव अगदी चपखल बसते.

परंतु आपल्याजवळ याहून चांगला शब्द आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींची वर्णने आहेत, आणि त्यांत ‘मल्लविनोद’ हे एक प्रकरण आहे. ही अमेरिकन मंडळी आपल्या धंद्याला स्वतःच खेळ आणि मनोरंजन यांची जोडगोळी म्हणवतात. ‘मल्लविनोद’ हा शब्द तयार असताना आपण दुसऱ्यांच्या दारात का उभे राहावे?

ट्रम्पपत्ता

‘विनोद’ या शब्दाचा मराठीतला आजचा अर्थ लक्षात घेता, लेखाच्या मथळ्यात ‘मल्लविनोद’ वाचून लोक पैलवानांवरचे चुटके शोधू लागतील.

मूळ मुद्द्याबाबत मी मात्र संपादकांच्या बाजूने आहे. ‘फसणारा कोणी नाही’ हे विधान आजच्यापुरते खरे असेल. पण ते कायम खरे नव्हते. निकाल आधी ठरलेला असतो हे ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ चालवणाऱ्या कंपनीने अधिकृतपणे मान्य केले ते १९८९ मध्ये, न्यू जर्सीच्या सिनेटसमोर, आणि तेही प्रामाणिकपणाचा उमाळा आला म्हणून नव्हे, तर क्रीडा आयोगाचे नियम आणि कर चुकावेत म्हणून. त्याआधीची अनेक दशके प्रेक्षकाला पद्धतशीर अंधारात ठेवले गेले होते. आणि आपल्याकडे तर ती कबुली पोहोचायला आणखी कितीतरी वर्षे लागली. नव्वदच्या दशकात आम्ही शाळेत ज्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती आणि दंडाचे माप यांची तुलना करून एकमेकांचे पत्ते जिंकत होतो, त्या पत्त्यांवर लढती किती आणि विजय किती हेही छापलेले असे, आणि आम्ही ते आकडे परीक्षेच्या गुणांइतके खरे मानत होतो. अंडरटेकर नावाचा त्यातला पैलवान मरतो आणि पुन्हा उठतो यावर वर्गात मारामाऱ्या झालेल्या आहेत. आम्ही जे पाहिले ती आमच्यापुरती नुरा कुस्तीच होती.

आता एक विरुद्ध साक्षही देतो. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात, म्हणजे या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्यात, ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरला हरवले आणि तिथली त्याची एकवीस विजयांची मालिका तुटली, तेव्हा मी चांगला संसारी माणूस होतो आणि निकाल कोणीतरी खोलीत बसून लिहिला आहे हे मला ठाऊक होते. तरी तो दिवस मला कामात लक्ष घालता आले नाही. लेस्नरसारख्या वर्षातून मोजक्या वेळा उगवणाऱ्या माणसाला तो मान देणे ही मला आजही त्या कंपनीची सर्वांत मोठी उधळपट्टी वाटते. यातल्या कोणत्या भागाला फसवणूक म्हणायचे, हे मला सांगता येणार नाही.

मंगळवार पहाट

ट्रम्पपत्ता यांच्या साक्षीचा दुसरा भाग मी माझ्या बाजूने जमा करतो. १९८९ चा दाखला योग्यच आहे. पण तो या धंद्याचा इतिहास आहे, आणि मला शब्द हवा आहे तो त्यानंतर जे उरले त्यासाठी, कारण गुपित संपल्यावरही शिरस्ता संपला नाही, उलट त्याला खरी धार आली.

९ नोव्हेंबर १९९७ ची मॉन्ट्रियलची लढत घ्या. ब्रेट हार्ट प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता, विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे होता, आणि शॉन मायकल्सकडून कॅनडात हरायला तो तयार नव्हता. म्हणून त्याला एक शेवट सांगण्यात आला आणि प्रत्यक्षात दुसराच घडवण्यात आला. मायकल्सने हार्टला त्याच्याच शार्पशूटर पकडीत घेतले, हार्टने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहन यांनी घंटा वाजवायला लावली आणि सामना संपवला. इथे ठरलेल्या कुस्तीत एका पैलवानाला खरोखर फसवले गेले. याला जर नुरा कुस्ती म्हटले तर त्या शब्दाचा अर्थच उलटा होतो, कारण नुरामध्ये निदान दोन पैलवान तरी एकमेकांशी प्रामाणिक असतात.

त्याच वर्षी मार्चमध्ये शिकागोच्या रेसलमेनियात हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची जी लढत झाली, ती माझ्या मते या संपूर्ण प्रकारातली सर्वोत्तम आहे. हार्ट सज्जन म्हणून आला आणि ऑस्टिन दुर्जन म्हणून. रक्तबंबाळ ऑस्टिन शार्पशूटरमध्ये सापडूनही शरण गेला नाही, शुद्ध हरपेपर्यंत तसाच राहिला, आणि सामना संपल्यावरही हार्ट त्याला मारत राहिला. जाताना दोघांच्या भूमिकांची अदलाबदल झालेली होती आणि कोणालाही ते शब्दांत सांगावे लागले नाही. म्हणून ‘हील’ला ‘खलनायक’ म्हणताना माझा हात अडखळतो. आपला खलनायक पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत खलनायक असतो.

मालवणी पाऊस

आमच्याकडे दशावतारात संहिता लिहिलेली नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे आणि कोणी काय व्हायचे हे आधी ठरते, आणि पुढचे संवाद व युद्ध ही मंडळी रंगमंचावर उभी राहून रचत जातात. देव जिंकणार आणि राक्षस हरणार हे समोर बसलेल्या आजीला माहीत असते, तरी राक्षस आला की तिच्या मांडीवरचे पोर रडते आणि तिलाही ते रडायला हवेच असते. मी या कुस्त्या फार पाहिलेल्या नाहीत. परंतु त्यांतले जुने लढवय्ये शेवट तेवढा ठरवून बाकीची लढत एकमेकांच्या कानात बोलत रचत असत असे वाचले, तेव्हा मला काहीही परके वाटले नाही.

आम्ही याला ‘सोंग’ म्हणतो. सोंग घेतले जाते, आणले जाते, वठवले जाते, आणि सोंग घेतलेल्या माणसाला कोणी लबाड म्हणत नाही. ‘केफेब पाळणे’ म्हणजे ‘सोंग न सोडणे’. आपल्या वाक्यांत घालून पाहावे.

निरुक्त

‘सोंग’ला कोणी लबाड म्हणत नाही हे कोकणापुरते ठीक आहे. देशावर ‘सोंगे करू नकोस’ हा दटावणीचा शब्द आहे, आणि सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही या म्हणीत कौतुक नक्कीच नाही. सोंगच घ्यायचे असेल तर तमाशातली ‘बतावणी’ अधिक जवळची आहे, कारण तीत पुढच्याला उचकवणारे बोलणे येते, आणि हातात ध्वनिक्षेपक घेऊन समोरच्याची उणीदुणी काढणे हा या कुस्त्यांचा निम्मा भाग असतो. २०११ मध्ये सीएम पंक या पैलवानाने व्यासपीठावर मांडी घालून बसून मालकांचे जे वाभाडे काढले, ते ठरलेले किती आणि मनातले किती यावर अजून वाद घालणारे लोक आहेत. ती शुद्ध बतावणी होती. मात्र ‘मल्लविनोद’ मी मागे घेतलेला नाही.

वरळी नाका

माझे वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि मूळचा हंगेरियन किंगकाँग यांच्या कुस्त्या पाहायला जात. त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी या प्रकाराला ना नुरा म्हटले असते ना सोंग. त्यांच्या पिढीचा शब्द एकच होता, ‘फ्रीस्टाइल’. त्या शब्दात सगळे आले होते. १९६८ मध्ये अमेरिकन पैलवान लू थेझ मुंबईत दारासिंगशी लढायला आला, तेव्हाही ती ‘फ्रीस्टाइल’च होती. तो शब्द इतका रुजला की आज पालिकेच्या सभेत नगरसेवक एकमेकांच्या अंगावर गेले तर मथळा ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ असा असतो. जो शब्द मराठी माणसाने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच पत्करला, तो बाजूला ठेवून बाराव्या शतकात जाण्याचे प्रयोजन मला कळले नाही.

तांबडी माती

प्रयोजन मी सांगतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला जे कांस्यपदक मिळवले ते फ्रीस्टाइल कुस्तीतच होते. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल म्हणजे वजनगट, गुण, वेळ आणि नियम यांनी जखडलेला खेळ आहे. ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे काहीही चालते, ही समजूत आपण उल्लेख केलेल्या तमाशानेच मराठीत पसरवली, आणि आता गोळेश्वरच्या पैलवानाचे पदक व पालिकेतली हाणामारी एकाच शब्दात राहतात. लोकांनी वापरला म्हणून शब्द योग्य ठरतो असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वरळी नाका

विचार केला. ‘फ्रीस्टाइल’चे दोन अर्थ आहेत आणि संदर्भावरून दोन्ही कळतात. ‘डाव’ हा शब्दही कुस्तीत, पत्त्यांत, क्रिकेटमध्ये आणि संसारात वेगवेगळा आहे. त्यावर कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

उलटतपासणी

‘हील’ आणि ‘फेस’ यांचा प्रश्न सगळे विसरलेले दिसतात. माझ्या मते नामापेक्षा क्रियेसाठी आपल्याकडे उत्तम शब्द आहे, तो म्हणजे ‘फितुरी’. १९९६ मध्ये हल्क होगन बाहेरून आलेल्या दोघांना जाऊन मिळाला ती फितुरी; २०१४ मध्ये सेथ रॉलिन्सने स्वतःच्याच त्रिकुटातल्या रोमन रेन्सच्या पाठीत खुर्ची घातली तीही फितुरी. मार्च २०२५ मध्ये टोरंटोत जॉन सीनाने कोडी रोड्सला मिठी मारून मग त्याच्यावरच जो हल्ला केला, तोही त्याच सदरात बसतो. मात्र दोन दशकांहून अधिक काळ जपलेले सज्जनपण मोडल्यावर त्याचे पुढे काय करायचे हे लिहिणाऱ्यांना सुचले नाही आणि काही महिन्यांतच तो पुन्हा सज्जन झाला. होगनच्या फितुरीने तो धंदा बदलला, सीनाच्या फितुरीने दोन-चार रात्री गाजल्या.

आता एक गोष्ट सर्वांनाच विचारते. इथे ‘पैलवान’ आणि ‘मल्ल’ हे शब्द चालले आहेत. २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची लढत बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राऊझी यांची होती, आणि स्त्रियांना तो मान प्रथमच मिळाला. त्याआधी, २०१६ पर्यंत, त्यांच्या विजेतेपदाला ‘डिव्हा’ हा शब्द चिकटवलेला होता. तो काढल्यानंतरच त्यांच्या लढतींना पुरेसा वेळ मिळू लागला, असे मला पाहणारी म्हणून वाटते. मराठीत आपण त्यांना काय म्हणणार? ‘महिला पैलवान’मध्ये पैलवान हा पुरुषच असतो हे गृहीत आहे, आणि ‘पैलवानीण’ म्हटले तर पाटलिणीसारखी ती पैलवानाची बायको होते.

तांबडी माती

आमच्या तालमीत आता मुली येतात आणि वस्ताद त्यांना ‘ए पैलवान’ अशीच हाक मारतात. त्यात कोणाची बायको येत नाही. पण त्या मातीवर आणि गादीवर लढतात, म्हणून त्यांना तो शब्द शोभतो.

निरुक्त

‘मल्ला’ हे स्त्रीलिंगी रूप व्याकरणाने निर्दोष आहे.

ट्रम्पपत्ता

व्याकरणाने निर्दोष असेल, पण ‘मल्ला आली’ असे म्हटल्यावर आमच्या घरी सगळे नवीन कामवाल्या बाईंना पाणी विचारतील.

मंगळवार पहाट

लेख परवा द्यायचा आहे. ‘सोंग’ मी तीन ठिकाणी घालून पाहिला. दोन ठिकाणी बसला. तिसरे ठिकाण मिक फोली या पैलवानाचे आहे, जो १९९८ मध्ये पिट्सबर्गला पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे सोळा फूट खाली समालोचकांच्या टेबलावर पडला, आणि त्याच सामन्यात छत फाटून पुन्हा आत कोसळला. त्या पडण्याला सोंग म्हणायला मी तयार नाही. तिथे तूर्त ‘केफेब’च ठेवला आहे, आणि संपादकांना तसे कळवले आहे. उलटतपासणी यांची ‘फितुरी’ मात्र मी मथळ्यात घेत आहे.

तांबडी माती

मथळ्यात काहीही घ्या. परंतु आपल्या मसुद्यात तीन अंक मोजून झालेल्या विजयाला ‘चीतपट’ म्हटले असेल, तर ते काढावे. दोन्ही खांदे टेकले त्या क्षणी कुस्ती संपते, ती मोजत बसत नाहीत.

वरळी नाका

वर्तमानपत्रे तर निवडणुकीतल्या उमेदवारालाही चीतपट करतात.