मदत हवी आहे: वर्षभरासाठी बारा अमेरिकन चित्रपट निवडायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक जुना अमेरिकन चित्रपट दाखवायचं ठरलंय आणि निवड माझ्याकडे आली आहे. प्रेक्षक बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, शिवाय कॉलेजची काही मुलं.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची शंभर चित्रपटांची यादी समोर ठेवून बसले. ती १९९८ मध्ये निघाली आणि २००७ मध्ये पुन्हा. दोन्हींत 'सिटिझन केन' पहिला. बाकी केवढी उलथापालथ! 'व्हर्टिगो' ६१ वरून ९ वर, 'द सर्चर्स' ९६ वरून १२ वर. 'द जनरल' आधी यादीतच नव्हता, तो थेट १८ वा. चित्रपट तेच, बघणाऱ्यांची नजर बदलली. म्हणून नुसता क्रमांक बघून निवड करणं मला पटत नाही.

मूकपट एकच बसतोय. 'सिटी लाइट्स' की 'द जनरल'? चॅप्लिन सगळ्यांच्या ओळखीचा, तरी माझा कल 'द जनरल'च्या बस्टर कीटनकडे आहे. प्रेयसीने झिडकारल्यावर तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू होतं, दांड्याबरोबर तोही वरखाली होत राहतो आणि बराच वेळ त्याला पत्ताच नसतो. चेहरा तसाच उतरलेला. हे मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघावं असं फार वाटतं. कुणी हा मूकपट न बघितलेल्या लोकांना दाखवलाय का? मंडळी शेवटपर्यंत बसली का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्या दोन्ही याद्यांत बाईने दिग्दर्शित केलेला एकही चित्रपट नाही. असे बारा मला दाखवायचे नाहीत. ज्युली डॅशचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' घ्यावा असं मनात आहे. तो नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत आहे, म्हणजे अमेरिकेने जतन करण्याजोगा मानलेला. पण त्यातली गल्ला बोली (अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांची इंग्रजीमिश्रित बोली) कानाला सरावायला वेळ लागतो, गोष्टही सरळ रेषेत जात नाही. तो वर्षाच्या सुरुवातीला ठेवू की लोक रुळल्यावर?

'द बर्थ ऑफ अ नेशन' मी घेणार नाही. कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा उदोउदो करणारा तो चित्रपट १९९८ ला ४४ वा होता, २००७ ला वगळला गेला. त्यावर बोलायचं तर वेगळं व्याख्यान ठेवू.

आणि अशा खेळासाठी प्रदर्शनाची परवानगी कुणाकडून घ्यायची? ज्यांनी फिल्म सोसायटी चालवली आहे त्यांनी जरूर लिहा. पहिला खेळ लवकरच लावायचाय.