चेंबर कुणाचं? वर्गणी भरणाऱ्यांचं की अख्ख्या कोल्हापूरचं?

शाहूपुरीकर

आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत एका तरुण दुकानदारानं विचारलं की पूर आला की हमालांची मजुरी बुडते, त्याबद्दल चेंबरनं, म्हणजे आपल्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं, काही भूमिका घ्यावी का. "तो आपला विषय नव्हे," असं उत्तर मिळालं आणि पुन्हा पार्किंगवर चर्चा सुरू झाली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

कोल्हापूरचा बाजार एकट्या व्यापाऱ्यांनी उभा केला नाही. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली ती संस्थानच्या पैशातून. चारच वर्षांनी, १८९५ ला, शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली. गुऱ्हाळवाला, गाडीवान, हमाल, अडत्या अशी सगळी साखळी त्यातून तयार झाली. त्या साखळीतल्या एकाच कडीनं संघटना काढायची आणि बाकीच्यांचं सुखदुःख 'आपला विषय नाही' म्हणायचं, हे कसं चालेल?

२०१९ चा ऑगस्ट आठवा, नाहीतर २०२१ चा जुलै. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पेट्रोल नाही, भाजी नाही, गाड्या जिथल्या तिथे. त्या दिवसांत कुणाच्या गोदामात काय शिल्लक आहे, कुठला ट्रक कुठे अडकलाय, हे जिल्हा प्रशासनाच्या आधी व्यापाऱ्यांना माहीत असतं. ही माहिती पावसाळ्याआधीच एकत्र करून ठेवणं हे चेंबरचं काम नाही तर कुणाचं?

माझं मत सरळ आहे. करांची निवेदनं द्या, जरूर द्या. पण ज्यांचं पोट बाजारावर आहे त्या सगळ्यांच्या वतीनं बोलत नसेल तर चेंबरनं 'शहराचा आवाज' म्हणवून घेऊ नये.

लक्ष्मीपुरी धान्यवाले

साहेब, तळमळ समजली, पण मी स्पष्ट विरोधात आहे.

चेंबर ही सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था आहे. पूरनियोजन महापालिकेचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं काम, त्यासाठी आपण कर भरतो. हमालांसाठी माथाडी कायदा आहे, माथाडी मंडळं आहेत. सगळ्यांची कामं अंगावर घेतली की आपलं एकही काम धड होत नाही.

आणि 'फक्त करांची निवेदनं' म्हणून ते हलकं समजू नका. एलबीटीच्या, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक संस्था कराच्या काळात लहान दुकानदाराचा दिवसातला किती वेळ कागदपत्रात जात होती ते आम्ही भोगलंय. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला, तो राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी एकाच मागणीवर चिकाटी धरली म्हणून. २०२२ ला पॅकबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आला तेव्हा आमच्या बाजूनं कोण बोललं? व्यापारी संघटनाच बोलल्या. संघटनेनं एकाच गोष्टीवर जोर लावला तरच सरकार ऐकतं.

लेथवाला

दोघांचंबी वाचलं. मी उद्यमनगरात जॉबवर्क करतोय, म्हणजे कंपन्यांच्या कास्टिंगवर टर्निंग आणि ड्रिलिंग. माझ्यासारख्याचं काय, ते कुणीच बोललेलं नाही.

माझं बिल तीन-तीन महिने अडकतंय. अडकवणारी कंपनी मोठी आहे, नाव घेत नाही. तिचे मालक उद्योजकांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले असतात. कायदा माझ्या बाजूनं आहे, हे मला पाठ आहे. लेखी करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, त्यात सूक्ष्म-लघु उद्योगाला पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता आयकरातबी तरतूद आली, वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी त्यांना तो खर्च धरता येत नाही. एवढं सगळं असून मी तक्रार का करत नाही? कारण तक्रार केली की दुसऱ्या दिवशी कास्टिंग दुसऱ्याच्या शेडमध्ये उतरतंय. माझ्याकडं दोन पोरं कामाला आहेत, त्यांचा पगार थांबवून चालत नाही.

इथं मला कुणीतरी मधला माणूस पाहिजे. कोर्ट नको, थकीत बिलांच्या तक्रारी ऐकणारी सरकारी कौन्सिल नको. आपल्याच गावातलं कुणीतरी मालकाला फोन करून म्हणालं की "या पोराचं बिल सोडा", तर आठवड्यात काम होईल. हे चेंबर करू शकतंय. पण फोन करणारा आणि पैसे अडवणारा एकाच टेबलावर जेवत असतील तर फोन कोण करणार?

लक्ष्मीपुरी धान्यवाले

भावा, तुझं दुखणं खरं आहे. पण त्याला एक बाजू अजून आहे. हे उशिराच्या पैशाचं संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, आम्हा निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. आमची उधारी गावोगाव पडून आहे.

आणि चेंबरनं स्वतःच्याच सभासदाला फोन करून दमात घेतलं तर तो पुढच्या वर्षी वर्गणी भरणार नाही. जर्मनीत प्रत्येक उद्योगाला कायद्यानंच तिथल्या चेंबरचं सभासद व्हावं लागतं, म्हणून ती चेंबरं कडक राहू शकतात, कारागीर पोरांच्या परीक्षासुद्धा तीच घेतात. आपल्याकडं सगळं ऐच्छिक आहे. जोर कुठून आणायचा?

चप्पल ओळीतली

माझं माहेर आणि सासर, दोन्ही घरं चपलेच्या धंद्यात. म्हणून बोलते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तेव्हा पत्र कुणी लिहिलं? महाराष्ट्र चेंबरनं, १९२७ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या संस्थेनं. त्या पत्राला उत्तर आलं आणि भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं प्राडानं मान्य केलं. आमच्यातल्या एखाद्या कारागिरानं पत्र लिहिलं असतं तर इटलीत ते कुणी उघडलं असतं का? चेंबरच्या लेटरहेडला वजन आहे, आणि ते वजन सभासद नसलेल्यांसाठी वापरलं गेलं. धान्यवाले काका, तुमच्या हिशेबानं ते पत्र लिहायलाच नको होतं.

कसबा बावडा

ताई, एवढ्यावर समाधान मानू नका. चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ असे ८ जिल्हे त्यात येतात. ते ज्यांच्या नावावर आहे ती दोन्ही चर्मोद्योग महामंडळं सरकारी आहेत, आणि प्राडाशी पुढचा करारही त्यांनीच केला. उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका गेली ती टिकली नाही, कारण याचिका करणारे मानांकनाचे मालक नव्हते. पत्रानं सुरुवात झाली हे मान्य. पण हक्क कागदावर ज्याच्या नावानं असतो, शेवटी त्याचंच चालतं.

मानांकनात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून प्रत्येक कारागिराला वेगळी नोंदणी करता येते. तो अर्ज भरून द्यायला कोण बसतंय? गुळाचंही तेच. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला मानांकन मिळालं, तरी बाहेरचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला जातो. माझ्या मते चेंबरनं मोठी भाषणं सोडावीत आणि आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून हे अर्ज भरून द्यावेत.

महाद्वार रोड

फेरीवाल्यांचा विषय कुणीच काढला नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर गाडा लागतो, गिऱ्हाईक आत येत नाही. त्यांच्यासाठीही चेंबरनं बोलायचं का?

शाहूपुरीकर

होय, त्यांच्याशी बोलायचं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं जी नगर समिती करायची असते, तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि उरलेल्यांत व्यापारी संघटनांचेही प्रतिनिधी. म्हणजे एकत्र बसायची खुर्ची कायद्यानंच दिली आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस गाड्यावर हार घेतो आणि दुकानात साडी घेतो. गाडा कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्या खुर्चीत बसून ठरवता येतं. महापालिकेच्या अतिक्रमण हटवणाऱ्या गाडीला फोन करून ते सुटत नाही, पुढच्या शनिवारी गाडा परत तिथेच येतो.

लेथवाल्या भावाचा प्रश्न मला सगळ्यांत टोचला. म्हणून माझी सूचना अशी: चेंबरनं थकीत बिलांसाठी तीन जणांची तडजोड समिती नेमावी. त्यात एक जॉबवर्कवाला, एक मोठा उद्योजक आणि एक चार्टर्ड अकाउंटंट असावा. तक्रार करणाऱ्याचं सभासद असणं बंधनकारक नको, आणि तक्रारीत त्याचं नाव बाहेर येता कामा नये. जोर कुठून, असं धान्यवाल्या दादांनी विचारलं. तीन-चार जणांची थकलेली बिलं समितीनं एकत्र मांडली तर कुणी तक्रार केली ते कळत नाही, आणि एवढ्या जणांचं काम एकदम काढून घेणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

आणि बंदची हाक देण्याआधी हमालांच्या आणि रिक्षावाल्यांच्या संघटनांना विचारावं. एक दिवस शटर खाली घेतलं तर आपली विक्री दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी भरून निघते. त्यांची त्या दिवसाची मजुरी कायमची जाते.

लेथवाला

नाव बाहेर येणार नसंल तर पहिला अर्ज माझा.

लक्ष्मीपुरी धान्यवाले

बंदच्या आधी विचारावं, हे मला मान्य. पुराच्या आधी गोदामांची यादी करणं यालाही माझी हरकत नाही, त्यात आमचाच माल वाचतो.

तडजोड समितीला मात्र माझा विरोध कायम आहे. सभासद नसलेल्याच्या तक्रारीवर सभासदाला उत्तर द्यायला लावायचं, हे चेंबरच्या घटनेत बसत नाही. करायचंच असेल तर आधी उद्यमनगरातल्या लहान शेडवाल्यांना कमी वर्गणीत सभासद करून घ्या, त्यांना मताचा हक्क द्या, मग समिती नेमा. सर्वसाधारण सभेत ठराव त्या क्रमानं आला तर मी हात वर करीन. उलट्या क्रमानं आला तर विरोधात बोलीन, आणि तुमच्या समोर उभा राहून बोलीन.