बसलं की गो-कार्ट बंद पडते, मोटर बदलू का?

मिरजेचा_वेल्डर:
मंडळी, धाकट्या भावाबरोबर गो-कार्ट बनवतोय. ई-रिक्षाची ४८ व्होल्ट १००० वॅटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, तिला करंट सोडणारा कंट्रोलर, आणि १२ व्होल्टच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये. मोटरला ९ दाती, एक्सलला ३६ दाती स्प्रॉकेट. मागची चाकं स्टँडवर उचलली की सुसाट फिरतात पण मी बसून थ्रॉटल दिला की गाडी एक हिसका मारते आणि कंट्रोलर गप्प, चावी बंद-चालू केली की परत तेच. मीटरवर बॅटरी ५१ व्होल्ट दाखवते. मोटर गेली का?

तारवाला:
मोटरला हात लावू नका. ५१ हे लोड नसतानाचं. १००० वॅट म्हणजे ४८ ला २१ अँपियर, आणि जागेवरून उठताना त्याहून बरंच जास्त खेचणार. मीटर कंट्रोलरच्या टर्मिनलला लावा, एकाने बसून थ्रॉटल द्या, दुसऱ्याने आकडा बघा. ४२ च्या आसपास आला की बहुतेक कंट्रोलर लो व्होल्टेज म्हणून कट मारतात. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, लोडवरच. लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) पण हाताने चाचपा, जो गरम लागेल तो नीट क्रिंप झालेला नाही, म्हणजे वायरीवर घट्ट दाबला गेलेला नाही.

मिरजेचा_वेल्डर:
भाऊ बरोबर निघालं! तीन बॅटऱ्या साडेअकरा व्होल्टला थांबतात, चौथी थेट ७ वर. तीच इन्व्हर्टरमधून काढलेली जुनी 😅

रानगाडी:
ती बदलाच, पण स्प्रॉकेटचंही बघा राव. मोटर ३००० आरपीएमची धरली तर ४:१ ला एक्सल ७५० फिरतो, ११ इंची टायरवर ताशी ४० च्या घरात जाते, आणि ब्रेक कुठला लावलाय ते तुम्ही सांगितलंच नाही. ५४ दाती टाका, वेग २६ वर येईल पण उठताना दीडपट जोर मिळेल आणि बॅटरीवरचा ताणही कमी. मेन लाइनला घरातला एसी करंटचा एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) नको हां, डीसीचा आर्क, म्हणजे स्विच तुटताना पेटणारी ठिणगी, आपोआप विझत नाही. डीसी रेटिंगचाच घ्या, फ्यूज बॅटरीला लागून.

मिरजेचा_वेल्डर:
ब्रेक मागे एकच डिस्क, स्कूटीची. ५४ चे होल हबला जुळतील का पण?

रानगाडी:
बहुतेक नाही. लेथवाल्याकडून मधे ॲडाप्टर प्लेट करून घ्या आणि चेन सरळ रेषेत येतेय का ते पट्टी लावून बघा, नाहीतर वळणावर उतरेल. आणि टेस्टिंग मोकळ्या मैदानात, रोडवर नको.