मदत हवी आहे: कलम ३७ आणि रोजगार हमीची सांगड कशी घालायची?

नमस्कार मंडळी. भाची एमपीएससीची तयारी करतेय, मी तिला राज्यघटना शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलो.

राज्यघटनेने सरकारला धोरणासाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी (सरकारी मराठीत 'निदेशक तत्त्वे') कोर्टात दाद मागता येत नाही, पण राज्यकारभारासाठी ती मूलभूत आहेत, असं कलम ३७ सांगतं. संविधान सभेत के. टी. शहांनी यावरच टोला मारला होता: हा म्हणजे बँकेला परवडेल तेव्हा वटणारा चेक! इथवर ठीक.

पण आपल्याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. कलम ४१ (हेही एक मार्गदर्शक तत्त्वच) मधला कामाचा हक्क मिळवून देणं हाच त्याचा उद्देश, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. भाचीचा प्रश्न असा की काम मागूनही मिळालं नाही, भत्ताही नाही, तर माणूस कोर्टात कशाच्या जोरावर उभा राहणार? मी म्हटलं, कायद्याच्या. कलम ४१ नुसतं पाठीशी. बरोबर ना?

त्यावर तिचा पुढचा बाउन्सर: मग शिक्षणासाठी २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती करून शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं कलम २१-क का घालावं लागलं? साध्या कायद्याने भागलं नसतं? मला वाटतं, कायदा साध्या बहुमताने रद्द होतो, मूलभूत हक्काचं तसं नाही. पण १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टाने १४ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला आधीच मूलभूत हक्क म्हटलं होतं, तिथे माझी गाडी रुतते.

वकील किंवा राज्यशास्त्र शिकवणारं कोणी आहे का इथे? सोप्या मराठीत सांगा, क्लासच्या नोट्स नकोत.