सोसायटी ग्रुप: गणपतकाकांच्या मिसेसचं ऑपरेशन

शुभदा काकू, बी-३०२: आपल्या वॉचमन गणपतकाकांच्या मिसेसना हार्टची झडप बदलायला सांगितलीय. कोकिलाबेन हॉस्पिटल इथे हाकेच्या अंतरावर, पण आत जाऊन चौकशी करायलाही ते बिचकतायत.

मिलिंद, ए-१०१: बिचकणारच. तिथलं डिपॉझिट ऐकून आपल्यालाच घाम फुटेल. सरळ केईएमला न्या.

अनघा, सी-६०४: केईएमचा मार्ग आहेच. पण कोकिलाबेन ट्रस्टचं आहे, मांडके फाउंडेशनचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हायकोर्टाने २००६ मध्ये योजनाच घालून दिलीय. त्यासाठी बिलांतले २ टक्के वेगळ्या फंडात जातात.

जोशी काका, ए-५०२: मांडके म्हणजे आपले डॉ. नीतू मांडके! बाळासाहेबांची बायपास केली होती त्यांनी. हॉस्पिटल उभं राहण्याआधीच २००३ ला गेले बिचारे. पुढे अंबानींनी पूर्ण केलं, २००९ ला सुरू झालं.

मिलिंद, ए-१०१: काका, इतिहास नंतर 🙏 अनघा, उत्पन्नाची अट काय?

अनघा, सी-६०४: वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन. त्यावर ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक, त्यांना बिलात निम्मी तरी सूट. काकांना हातात किती मिळतात?

सेक्रेटरी: एजन्सी १५ हजार देते.

शुभदा काकू, बी-३०२: १५ गुणिले १२, बरोब्बर १ लाख ८०! आपण एजन्सीला २४ मोजतो ना हो?

सेक्रेटरी: तो विषय एजीएमला घेऊ.

शुभदा काकू, बी-३०२: घ्याच. 😐

अनघा, सी-६०४: उत्पन्न अख्ख्या कुटुंबाचं धरतात. वहिनी दोन घरी पोळ्या करतात, म्हणजे बहुधा सवलतीतच बसतील. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट हवेत. झेरॉक्सबरोबर ओरिजिनलही न्या. तिथे मेडिकल सोशल वर्करला भेटायचं, बिलिंगच्या खिडकीवर नाही. खाट रिकामी आहे का, तेही आधी विचारा.

हेमंत, बी-१०४: 🌹 शुभ सकाळ 🌹

शुभदा काकू, बी-३०२: हेमंत, अरे वर वाच जरा!

हेमंत, बी-१०४: सॉरी काकू, आत्ता वाचलं. माझी सोमवारी सुट्टी आहे. रेशन कार्ड गावाला, लांज्याला आहे म्हणाले होते. मुलाला फोटो पाठवायला सांगतो, ओरिजिनल एसटीने मागवू. दाखल्यासाठी मी जातो त्यांच्याबरोबर.

सेक्रेटरी: सोमवारी गेटवर बदली माणूस ठेवतो. काकांचा पगार कापायचा नाही, एजन्सीला आत्ताच कळवतो.