अनुभव धागा: प्रत्यक्ष जाऊन पाहिलेला कॉलेज फुटबॉलचा न विसरता येणारा सामना

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांना शनिवारचे वेध लागतात. एरवी ज्या गावात रात्री नऊनंतर साधा चहा मिळायची मारामार, तिथे एका दुपारी लाखभर माणूस जमतो. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम यांची स्टेडियम लाखाच्या वर क्षमतेची, आणि खेळणारी पोरं विद्यापीठातलीच. आपल्यातले बरेच जण एमएस-पीएचडीला आले, रूममेटने ओढून नेलं म्हणून पहिला सामना पाहिला आणि अडकले ते अडकलेच. तर लिहा. अट एकच: तुम्ही त्या दिवशी तिथे असायला हवं. टीव्हीवरचे सामने दुसरीकडे.

या खेळाशी (अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे) ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न. टचडाऊनला ६ गुण, त्यानंतर किक मारून १ किंवा पुन्हा चेंडू आत नेऊन २. नुसती किक खांबांमधून गेली तर फील्ड गोल, ३ गुण. एवढ्यावर खालचं सगळं कळेल.

ॲन आर्बर, मिशिगन

१ सप्टेंबर २००७. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, आणि समोर ॲपलॅचियन स्टेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून नावाच्या डोंगरातल्या गावचं कॉलेज, तेही खालच्या श्रेणीतलं. असे सामने मोसमाच्या सुरुवातीला हात मोकळे करायला ठेवतात. पाहुण्यांना पैसे मिळतात, यजमानांना विजय.

मध्यंतराला पाहुणे २८-१७ असे पुढे. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते कित्येक वर्षं त्याच जागेवर बसत असणार. ते मध्यंतरापर्यंत सगळं समजावून सांगत होते, नंतर गप्पच झाले. शेवटी मिशिगनने ३२-३१ अशी आघाडी घेतली, मग २६ सेकंद उरले असताना पाहुण्यांनी फील्ड गोल मारला, ३४-३२. तरी मिशिगनने एका लांब पासवर किकच्या टप्प्यात मजल मारली. ३७ यार्डांची किक. कोरी लिंच नावाच्या खेळाडूने ती हातांनी अडवली आणि चेंडू घेऊन पळत सुटला. एक लाख नऊ हजार माणसं आणि आवाज फक्त एका कोपऱ्यातून! तिकडे बूनमध्ये पोरांनी आपल्याच स्टेडियममधला गोलपोस्ट उपटून कुलगुरूंच्या अंगणात नेऊन टाकला, हे दुसऱ्या दिवशी वाचलं. हरूनही हसू आलं.

ब्लॅक्सबर्ग, व्हर्जिनिया

वरची तारीख वाचून थबकलो. त्याच शनिवारी मी व्हर्जिनिया टेकच्या लेन स्टेडियममध्ये होतो.

त्या वर्षी १६ एप्रिलला आमच्या कॅम्पसवर गोळीबार झाला. ३२ जण गेले. त्यांत मुंबईहून आलेली एक विद्यार्थिनी होती, सिव्हिल इंजिनिअरिंगचे एक भारतीय प्राध्यापक होते. उन्हाळ्यात बरेच जण घरी गेले, काही परतलेच नाहीत. १ सप्टेंबरचा सामना हा घटनेनंतरचा घरच्या मैदानावरचा पहिला. प्रतिस्पर्धी ईस्ट कॅरोलायना. त्या विद्यापीठाने येताना स्मृतिनिधीसाठी एक लाख डॉलरचा धनादेश आणला होता. आमच्या स्टेडियममध्ये पाहुण्यांसाठी एवढ्या टाळ्या वाजलेल्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

सामन्याआधी ३२ नारिंगी फुगे सोडले. मग संघ बोगद्यातून बाहेर आला आणि नेहमीसारखं सगळं स्टेडियम उड्या मारू लागलं. खाली काँक्रीट हलतं तेव्हा, खरंच हलतं. आम्ही १७-७ जिंकलो, पण खेळ रटाळ झाला. मला आठवतं ते हे की तिसऱ्या क्वार्टरमध्ये मागच्या रांगेतला एक जण आमच्या ऑफेन्सच्या नावाने बोटं मोडायला लागला. ‘अरे काय चाललंय, पास टाका ना!’ एप्रिलनंतर त्या गावात कुणी एवढ्या फालतू गोष्टीवरून चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

कॉलेज स्टेशन, टेक्सस

वरचं वाचल्यावर लिहायला थोडं अवघड वाटतंय, पण लिहिते. माझा अनुभव निव्वळ गमतीचा आहे.

२४ नोव्हेंबर २०१८, ए अँड एम विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट). थँक्सगिव्हिंगची सुट्टी, सासूबाई आणि सासरे सांगलीहून आलेले. नवऱ्याची पीएचडी रेंगाळलेली असल्यामुळे त्यांना दाखवण्यासारखं आमच्याकडे कायल फील्ड हे स्टेडियम सोडून फारसं काही नव्हतं. चौघांची तिकिटं वरच्या मजल्यावरची.

ए अँड एममध्ये विद्यार्थी सामनाभर उभे राहतात. १९२२च्या जानेवारीत एका सामन्यात खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले, तेव्हा ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून उतरला, गणवेश चढवून शेवटपर्यंत तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही. तेव्हापासून सगळे विद्यार्थी ‘बारावा गडी’. नवऱ्याने हे बाबांना अगदी रंगवून सांगितलं. जे सांगितलं नाही ते पहिल्या टचडाऊनला कळलं: आपल्या संघाने गुण मिळवले की सोबतच्या जोडीदाराचं चुंबन घ्यायचं, ही इथली जुनी रीत. आजूबाजूला सगळी जोडपी एकदम सुरू. सासूबाईंनी मान वळवून पार्किंगकडे पाहिलं. ‘हे दर वेळी असंच?’ मी म्हटलं, ‘गुण झाले तरच, आई.’

त्या रात्री ए अँड एमने ७४ गुण केले.

खेळ तर त्याहून अचाट. आम्ही ७ गुणांनी मागे, शेवटची काही सेकंदं, आमच्या केलन माँडचा पास एलएसयूने पकडला. संपलं. त्यांच्या प्रशिक्षकांना खेळाडूंनी बादलीभर पेयाने न्हाऊही घातलं. मग पंचांनी चित्रफीत पाहिली. चेंडू उचलताना माँडचा गुडघा जमिनीला टेकला होता, म्हणजे खेळी तिथेच संपली होती, पुढचा पास धरायचाच नव्हता. ओलेचिंब प्रशिक्षक पुन्हा उभे, आणि शेवटच्या क्षणी आमचा टचडाऊन. ३१-३१.

त्यानंतर ओव्हरटाइम. एक नाही, सात. प्रत्येक संघाला २५ यार्डांवरून एकेक डाव, बरोबरी झाली की पुन्हा. सासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी फोनच्या वहीत हिशेब मांडायला घेतला. चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत त्यांना नियम माझ्यापेक्षा जास्त कळत होते. सातव्यात ७२-७२ झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘आता यांना दोनच हवेत.’ मिळाले. ७४-७२. दोन्ही मिळून १४६, वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये एका सामन्यात एवढे गुण त्याआधी कधीच झाले नव्हते. मध्यरात्र व्हायला आली होती, पोरं कुंपणावरून मैदानात उड्या टाकत होती आणि सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या एवढंच.

ऑस्टिन, टेक्सस

ए अँड एमचं कौतुक करायची आम्हा टेक्सस विद्यापीठवाल्यांकडे पद्धत नाही, म्हणून फक्त माहिती देतो. त्या सामन्यानंतर खेळाडूंच्या दमछाकीची चर्चा झाली आणि २०१९ला नियम बदलला: पाचव्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन गुणांचे प्रयत्न. २०२१पासून तेही तिसऱ्यापासूनच. त्यामुळे असला सामना आता होणं कठीण.

बर्कली, कॅलिफोर्निया

माझा अनुभव तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीचा असेल. २० नोव्हेंबर १९८२, कॅल (म्हणजे आमचं बर्कली) विरुद्ध स्टॅनफर्ड. इथे या सामन्याला ‘बिग गेम’ म्हणतात.

असिस्टंटशिपच्या पैशांत तिकीट बसत नव्हतं. स्टेडियमच्या पूर्वेला एक टेकाड आहे, टाइटवॅड हिल, म्हणजे चिक्कूंची टेकडी. तिथून फुकट दिसतं. कॅलची तोफही तिथेच असते, गुण झाले की उडवतात. आम्ही देशी पोरं डबे घेऊन चढलो होतो. कुणाकडे तरी ट्रान्झिस्टर होता.

स्टॅनफर्डकडे जॉन एल्वे, पुढे फार मोठं नाव झालेला खेळाडू. चार सेकंद उरली असताना त्यांनी फील्ड गोल मारून २०-१९ केलं आणि बेभान नाचले, म्हणून दंडही झाला. मग किकऑफ. कॅलच्या केव्हिन मोनने चेंडू घेतला आणि मागे फेकला. ज्याला मिळाला त्याने पकडला जाता जाता दुसऱ्याकडे, त्याने तिसऱ्याकडे. असे पाच वेळा. स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं सामना संपला, त्यांचे शे-सव्वाशे वादक वाद्यांसकट मैदानात. चेंडू फिरून पुन्हा मोनकडे आला, तो त्या बँडच्या गर्दीत घुसला आणि टचडाऊनच्या रेषेपलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला.

वरून आम्हाला लाल कपड्यांची झुंबड दिसली, बाकी काही नाही. ट्रान्झिस्टरवर निवेदक किंचाळत होता. पंच गोळा झाले, बराच वेळ काही कळेना. मग शेजारची तोफ उडाली. २५-२०.

स्टॅनफर्डवाले अजून मानत नाहीत. विजेत्याला मिळणाऱ्या कुऱ्हाडीच्या चषकावर सगळे निकाल कोरलेले असतात. तो त्यांच्याकडे गेला की १९८२चा आकडा बदलून २०-१९ करतात. आमच्याकडे आला की आम्ही परत दुरुस्त करतो. दोन्ही विद्यापीठांत नोबेलवाल्यांची रांग आहे, हे सांगायला हरकत नाही.

ऑबर्न, अलाबामा

मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने बघत वाढलेला, त्यामुळे एकाच घरात दोन संघ आणि चार दिवस अबोला हे मला नवीन नव्हतं. इथे अख्खं राज्य असं दुभंगलेलं: ऑबर्न नाहीतर अलाबामा.

३० नोव्हेंबर २०१३. २८-२८, वेळ संपलेली. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी हट्टाने एक सेकंद परत मागून घेतलं. ५७ यार्डांची किक, कमी पडली. खांबांखाली आमचा ख्रिस डेव्हिस उभा होता. त्याने झेलला आणि डावीकडून पळत सुटला. अलाबामाचे किकच्या वेळचे जाडजूड गडी त्याला काय पकडणार! पन्नास यार्डांनंतरच आम्हाला कळलं होतं. ३४-२८. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, मैदानात मी उतरलो की मागच्यांनी उतरवलं कुणास ठाऊक.

जिंकल्यावर टूमर्स कॉर्नरच्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपर उधळायची आमची चाल. पण अलाबामाच्या एका चाहत्याने २०१०च्या सामन्यानंतर त्या झाडांना विष घातलं होतं, २०१३च्या एप्रिलमध्ये ती काढावी लागली होती. तिथे तारा बांधल्या होत्या. आम्ही तारांवर उधळला.

आयोवा सिटी, आयोवा

थोडक्यात लिहितो, ड्यूटी आहे. मी इथल्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. २०१७ला नवी इमारत सुरू झाली, किनिक स्टेडियमला लागून. बाराव्या मजल्यावरून मैदान दिसतं. त्या मोसमात एका चाहतीने फेसबुकवर सुचवलं की पहिला क्वार्टर संपला की सगळ्यांनी वळून खिडक्यांतल्या मुलांना हात करायचा. तेव्हापासून करतात. पाहुणा संघही करतो, पंचही.

पेन स्टेटविरुद्ध २३ सप्टेंबरच्या रात्री मी सुट्टीवर, म्हणून खाली स्टँडमध्ये होतो. एरवी आतून बघायचो. शेवटच्या चेंडूवर २१-१९ हरलो. सोमवारी राउंडला सात वर्षांच्या एका पेशंटने मला बचाव कुठे चुकला ते कागदावर काढून दाखवलं. चित्र बरोबर होतं.

ॲन आर्बर, मिशिगन

मीच परत. मित्र विचारतोय, २०१५च्या मिशिगन स्टेटच्या सामन्याचं का नाही लिहिलंस. दहा सेकंद उरलेली, आम्ही दोन गुणांनी पुढे, फक्त चेंडू लांब मारायचा होता. हातातून सुटला. त्यांनी उचलला, ३८ यार्ड, २७-२३. झालं लिहून.

कोलंबस, ओहायो

ॲन आर्बरच्या दोन्ही नोंदी सहकुटुंब वाचल्या, मोठ्याने. आभार.

माझा सामना २६ नोव्हेंबर २०१६, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. त्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुल्या मारतात, एवढं प्रेम. दुसरा ओव्हरटाइम, ते २७-२४ पुढे, आमचा चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. जे. टी. बॅरेट घुसला आणि आपल्याच गड्याच्या पाठीवर आपटला. पंच म्हणाले पोहोचला. चित्रफीत बघूनही म्हणाले पोहोचला. पुढच्याच खेळीत कर्टिस सॅम्युअलचा टचडाऊन, ३०-२७. त्यांचे प्रशिक्षक जिम हार्बॉ नंतर पत्रकारांसमोर बोटांनी अंतर दाखवत होते.

मी दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, बराच वर होतो. तिथून दिसणं शक्य नव्हतं. पण चेंडू पोहोचला होता.