रजनीशपुरमच्या ताफ्यातली रोल्स-रॉइस म्हणून विकायला आलीय, खरी कशी ओळखायची?

न्यूजर्सीकर
मंडळी, इकडे १९८२ ची एक रोल्स-रॉइस सिल्व्हर स्पर विक्रीला आहे. विकणारा म्हणतो, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये रजनीशांचं जे रजनीशपुरम कम्यून होतं, तिथल्या ९३ रोल्स-रॉइसपैकी ही एक. पुरावा काय, तर रजनीशांचा एक फोटो आणि डॅशबोर्डवर ‘ओशो कलेक्शन’ अशी पितळी पट्टी. एवढ्यावर भाव दीडपट. ताफ्यातली आहे याची खात्री कशी करायची? गाडीत काय तपासायचं? आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

कागद_बोलतो
पट्टीनेच घोळ केलाय. ‘ओशो’ हे नाव रजनीशांनी १९८९ मध्ये पुण्यात घेतलं. रजनीशपुरम १९८१ ला सुरू झालं आणि १९८५ मध्ये मोडलं. तेव्हा कागदोपत्री सगळीकडे ‘भगवान श्री रजनीश’. म्हणजे ती पट्टी नंतर कुणीतरी हौसेने ठोकलेली. गाडी खोटीच असं यावरून ठरत नाही, पण पट्टीचे पैसे देऊ नका.

गाड्या त्यांच्या वैयक्तिक नावावर नव्हत्या. त्यासाठी ‘रजनीश मॉडर्न कार कलेक्शन ट्रस्ट’ असा वेगळा ट्रस्ट होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांना अमेरिका सोडावी लागली आणि त्यानंतर बहुतेक गाड्या टेक्ससच्या एका डीलरने एकगठ्ठा उचलल्या. म्हणून जुन्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदांवर, आधी ट्रस्ट, मग टेक्सस, मग पुढचे मालक अशी साखळी दिसायला हवी. ट्रस्टचा दुवाच नसेल तर भाव साध्या सिल्व्हर स्परचा.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, १७ अक्षरांचा असतो. दहावं अक्षर मॉडेल-वर्षाचं: बी म्हणजे १९८१, सी १९८२, असं एफ म्हणजे १९८५ पर्यंत. हा नंबर काच, दारावरचा स्टिकर आणि टायटल अशा तिन्ही ठिकाणी जुळवा. इंग्लंडमध्ये पॉलर्सपरीच्या हंट हाउसमध्ये रोल्स-रॉइस क्लबचं दप्तर आहे. तिथून कारखान्याची नोंद मागवा, मूळ रंग कळेल.

रंगावर मात्र भिस्त नको. कम्यूनमधल्या चित्रकारांनी बऱ्याच गाड्या रंगवल्या हे खरं, पण सगळ्या नाही, आणि त्यांच्यासारखे हंस आज कुणीही गाडीवर रंगवू शकतो. दाराच्या रबराखाली, डिक्कीच्या बिजागरीमागे मूळ शेड सापडते का ते बघा.

तेलकट_हात
इतिहास राहू द्या, हायड्रॉलिक्स आधी बघा. या गाडीत ब्रेक आणि गाडीची मागची उंची सारखी राखणारी लेव्हलिंग एकाच तेलावर चालतात. दोन पंप, तेलाचा दाब साठवणारे दोन अक्युम्युलेटर, त्यांच्या आत नायट्रोजन.

चाचणी सोपी आहे. इंजिन चार-पाच मिनिटं चालवा, ब्रेक-प्रेशरचे दिवे विझू द्या. मग इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि पेडल सावकाश दाबत मोजा. पहिला दिवा विसाव्या दाबानंतर लागला तर ठीक. दहाच्या आत लागला तर अक्युम्युलेटर गेले.

दुसरं, इंजिन. ६.७५ लिटरचा व्ही-८, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, सिलिंडरचे लायनर बिडाचे आणि वेट, म्हणजे बाहेरून थेट कूलंटमध्ये भिजणारे. कूलंट वेळेवर बदललं नाही तर लायनरची खालची सील कुजतात. ब्लॉकच्या बाजूला छोटी भोकं असतात, तिथे पांढरे ओघळ किंवा ओल दिसली तर इंजिन उतरवावं लागणार. जॅक लावून दोन्ही बाजू टॉर्चने बघाच.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर बॉश के-जेट्रॉनिक या इंधन-इंजेक्शनच्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर चिकटलेला असतो. शिवाय व्हिनाइलच्या छताखाली, मागच्या काचेच्या कडेला बोट दाबून बघा. फुगवटा लागला की खाली गंज. पूर्व ओरेगन कोरडा मुलूख, पण त्यानंतरची चाळीस वर्षं गाडी कुठे होती ते कोण सांगणार!

आयात_निर्यात
पुण्याचं सध्या डोक्यातून काढा. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. ही अमेरिकेतली, म्हणजे डाव्या स्टिअरिंगची, आणि वय चाळीसच्या वर. व्हिंटेजचे नियम वेगळे, पण १९८२ ची गाडी त्यात बसत नाही.

न्यूजर्सीकर
आभार सगळ्यांचे. ट्रस्टचं टायटल त्याच्याकडे नाही. तेलकटदादा, एकच शंका: ब्रेक तेलाच्या टाकीतलं तेल फोटोत पिवळसर दिसतंय. चालेल ना?

तेलकट_हात
नाही! यात हिरवं खनिज तेल लागतं, एलएचएम प्रकारचं. आधीच्या सिल्व्हर शॅडोत वेगळं ब्रेक फ्लुइड चालायचं, त्या सवयीने मेकॅनिक इथेही तेच ओततात. मग खनिज तेलासाठी बनवलेली सील फुगतात आणि एकेक करून जातात. पंप, अक्युम्युलेटर, कॅलिपर, मागचे स्ट्रट, एकूण एक होज, सगळं खोलावं लागतं.

आधी टाकीत स्वच्छ काचनळी बुडवून थेंब पांढऱ्या कागदावर टाका, फोटोचा रंग फसवतो. थेंबही पिवळाच निघाला तर गाडी चालू करू नका, विकणाऱ्यालाही करू देऊ नका. घ्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवरून न्या आणि सगळ्या हायड्रॉलिक्सचा खर्च साध्या सिल्व्हर स्परच्या भावातून वजा करा.